भरती बघा, मग सहल ठरवा: येऊर, ऐरोली, दिवाळे एका दिवसात

ही सहल नुसता रविवार बघून ठरवली की फसते. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट खाडीत पाणी असेल तेव्हाच चालते, त्यामुळे आधी पंचांग उघडा. जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, दुपारी आणि रात्री बारानंतर तेवढ्या तासांनी भरती. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. ओहोटी त्यानंतर साधारण ६ तासांनी, म्हणजे अष्टमीला भर दुपारी समोर नुसता गाळ. त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या धरली तर भरती पावणेदहा ते सव्वाअकराच्या सुमारास येते आणि उधाणाचं पाणीही भरपूर असतं. हा अंदाजच, बोटीची नेमकी वेळ केंद्राकडून घ्या आणि जागा आधी राखून ठेवा. रोहित म्हणजे फ्लेमिंगो नोव्हेंबर ते मे दिसतात. पळस आणि काटेसावरही फुललेली हवी असेल तर फेब्रुवारी गाठा.

सकाळी साडेसहाला ठाण्याजवळचं येऊर. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, बिबट्याचा वावर आहे. परवानगीशिवाय पायवाटांवर शिरू नका, रस्त्याच्या कडेनेच पक्षी पुष्कळ दिसतात. साडेआठला खाली उतरा. ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्स-हार्बरची लोकल आहे.

बोटीच्या दोन फेऱ्यांतून निवड करता आली तर पाणी उतरतानाची घ्या. ऐन भरतीत गाळ बुडतो, पक्ष्यांना चरायला जागा उरत नाही आणि त्यांतले बरेच नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे उडून जातात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. पण तिथली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, बघायला विसरू नका. गाळातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोकं म्हणजे त्यांची श्वासमुळं. पानावरून बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागेल: झाड नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं.

जेवण बेलापूरला, दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूला. आगरी-कोळी घरगुती जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर पापलेट फ्राय मिळेल, निवट्यांचं (खाडीच्या चिखलातल्या माशांचं) कालवण किंवा जवळा मिळेलच असं नाही. तांदळाची भाकरी मात्र ताटावर बसल्यावरच टाकायला सांगा, गार झाली की चिवट होते. घरी करायची तर २ वाट्या पिठाला २ वाट्या उकळतं पाणी आणि चिमूटभर मीठ. झाकून ५ मिनिटं वाफ, मग हात पोळेल इतक्या गरम उकडीलाच मळायचं. कडा फाटल्या तर उकड गार झाली होती किंवा मळणं कमी पडलं. पाणी लावलेली बाजू वर ठेवून तव्यावर टाका आणि पाणी सुकायच्या आत उलटा, नाहीतर भेगा पडतात.

दुपारी सीबीडी बेलापूरच्या टेकडीवर अर्बन हाट, म्हणजे हस्तकलेचा बाजार. प्रदर्शन चालू आहे ना, हे निघण्याआधी विचारा. वारली चित्र घेताना एवढंच विचारा: पांढरा रंग तांदळाचा की ॲक्रिलिक? तांदळाचा घासला की निघतो, म्हणून त्याला काच लावावी लागते. मुलांना स्वतः काढायचं असेल तर कागदावर गेरूचा हात देऊन तो पूर्ण सुकू द्या. ओल्यावर काढलं की पांढऱ्या रेषा गुलाबी होतात. भिजवून गंधासारखे वाटलेले तांदूळ, थोडा डिंक आणि टोक ठेचलेली बांबूची काडी पुरे.