सायकलवरून मुंबईतले पुतळे टिपताय? या चुका टाळा

रविवारी पहाटे दक्षिण मुंबईत सायकली वाढल्यात आणि बऱ्याच जणांच्या पाठीवर कॅमेराही असतो, याचा मला मनापासून आनंद आहे. पण फोटो बघितले की जीव हळहळतो. शिल्पकाराने महिनोन् महिने खपून घडवलेला चेहरा, आणि फोटोत नुसता काळा ठोकळा. चुका दरवेळी त्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक उजेड मोजण्याची. ब्राँझचा पुतळा काळपट आणि त्याच्या मागे मुंबईचं पांढुरकं आकाश. कॅमेरा सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो, आकाश सांभाळतो आणि चेहरा अंधारात घालवतो. काळा घोडा चौकात २०१७ साली बसवलेला बिनस्वाराचा घोडा याचा रोजचा बळी आहे. तो पंचवीसेक फूट उंच, त्यामुळे खालून बघितलं की मागे आकाशच येतं. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते आपल्या हाताने कमी-जास्त करायची कॅमेऱ्यातली सोय) सरळ +१ वर न्या, गरज पडली तर आणखी वर. आकाश पांढरं पडलं तर पडू द्या, आपण आकाशाचा फोटो काढायला आलेलो नाही. उलट त्याच घोड्याची फक्त मान फ्रेमभर घेतलीत तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि काळा घोडा राखाडी होतो. तिथे −१ लागतं. तसेच पाच मिनिटं पुढे गेलात की फ्लोरा फाउंटन. १८६४ चं हे कारंजं पोर्टलंड दगडाचं, फिकट. फ्रेमभर फिकट दगड आला की कॅमेरा तो मळकट करतो, म्हणजे तिथे पुन्हा + कडे यायचं. एकाच फेरीत तीन वेगळी सेटिंग्ज लागतात आणि लोक सकाळी घरून निघताना ‘ऑटो’ लावतात ते परत येईपर्यंत बदलत नाहीत. ‘घरी सावल्या उचलू’ हे उत्तर मला अजिबात पटत नाही. उचललेल्या सावलीत दाणे येतात आणि धातूच्या पृष्ठभागाचा पोत त्यात हरवतो. पुतळ्यासमोर उभं राहून अर्धं मिनिट विचार करणं यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

दुसरी चूक, अगदी चौथऱ्याला चिकटून वाइड लेन्सने फोटो काढणं. गुडघे अवाढव्य, हनुवटी पुढे, डोकं सुपारीएवढं. उंचावर बसणारा पुतळा घडवताना तो खालून आणि लांबून बघितला जाणार, हे शिल्पकाराने धरलेलं असतं. म्हणून मागे सरका. पुतळा आणि चौथरा मिळून जेवढी उंची, त्याच्या दुप्पट तरी अंतर ठेवा आणि ८५ मिमीच्या आसपासची लेन्स लावा. त्याआधी एक प्रदक्षिणा चालत घाला, कॅमेरा बॅगेत ठेवून. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत, कारण यादीतला पुढचा पुतळा वाट बघत असतो.

यादीची घाई काय करते ते सांगतो. एक कॉलेजचा मुलगा एकदा माझ्याबरोबर आला. भायखळ्यापासून गेटवेपर्यंत सगळं एका सकाळीत उरकायचं, असा त्याचा बेत. कॅमेऱ्याची बॅग मागच्या कॅरिअरला इलॅस्टिकच्या दोरीने बांधलेली. ‘पाठीवर घे,’ मी निघतानाच म्हटलं. ‘दादा, घाम येतो पाठीला.’ पहिल्या थांब्यानंतर त्याने बॅगेची चेनही पुरती लावली नाही, पुढे लगेच काढायचाच आहे म्हणून. जे. जे. पुलाच्या खालून मोहम्मद अली रोडला लागलो आणि एका खड्ड्यात कॅमेऱ्याचा पट्टा बाहेर घसरून मागच्या चाकात गेला. चाक जागीच जाम. सायकल आडवी, बॅग रस्त्यावर, दोन तारा तुटल्या, लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तो माउंट वाकडा. मागे बस नव्हती म्हणून कोपर खरचटण्यावर भागलं. तेवढ्या एका चेनसाठी त्याची सकाळ गेली आणि दुरुस्तीचं बिलही मोठं आलं.

माझी सवय ठरलेली आहे: पट्टा हाताला दोन वेढे देऊन गुंडाळायचा, बॅगेत कोंबायचा, चेन शेवटपर्यंत लावायची, मगच पायडलवर पाय. बॅग पाठीवरच. कॅरिअरवर रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट लेन्सच्या स्क्रूंपर्यंत पोचतो, पाठ तो झेलते. आणि पाठीवर घ्यायचं म्हणजे एक बॉडी, एक लेन्स. तीन लेन्सा घेऊन सायकल चालवणाऱ्याचे खांदे दुखतात आणि तो लवकर घरी जातो.

सायकलवरून उतरल्या उतरल्या फोटो काढू नका, हात थरथरतात. घाम पुसा, पाणी प्या, मग शटर १/२५० सेकंदापेक्षा वेगवान ठेवून सुरुवात करा.

सायकल स्मारकाच्या कठड्याला टेकवू नका. हुतात्मा चौकात तर नाहीच. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी जीव दिला त्यांचं ते स्मारक आहे. सायकल पलीकडे लावा आणि चौथऱ्यावर बूट घालून चढू नका.

गेटवेसमोरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा सकाळ आणि संध्याकाळ असा दोनदा बघा. सकाळी ऊन बंदराकडून येतं, संध्याकाळी ते शहराकडे उतरतं आणि घोड्याचे स्नायू वेगळेच दिसतात. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर मात्र हारांचा फोटो मिळेल, चेहऱ्याचा नाही.

उघड्या धातूची चकाकी पोलरायझर फिल्टरने (चकाकी कमी करायला लेन्सपुढे लावतात ती काच) जात नाही. त्यासाठी ढगाळ दिवस निवडा.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतही एक जुना पुतळा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो; ती बाग बुधवारी बंद असते. हे न बघता जाणारे दरवेळी भेटतात.

आणि ही चूक मला सगळ्यात जास्त लागते: नाव न टिपणं. काळा घोडा चौकातल्या घोड्याच्या फोटोखाली लोक ‘एडवर्डचा पुतळा’ लिहितात. एडवर्डचा, म्हणजे पुढे ब्रिटिश राजा झालेल्या सातव्या एडवर्डचा, घोड्यावर बसलेला मूळ पुतळा १९६५ साली तिथून हलवला गेला. तो बघायचा तर भायखळ्याला राणीच्या बागेत जावं लागतं. तो शिल्पकार बोएमचा, आणि व्यापारी अल्बर्ट ससूनने शहराला दिलेला. चौकातला नवा घोडा श्रीहरी भोसले यांनी घडवलाय. फ्लोरा फाउंटनजवळच्या दादाभाई नौरोजींच्या पुतळ्याशेजारून रोज हजारो माणसं जातात. तो शिल्पकार तालीम यांचा, १९२५ चा. आपल्या माणसाने घडवलेलं एवढं देखणं काम, आणि फोटोखाली नुसतं ‘मुंबई, सकाळ’. म्हणून मी कुठेही गेलो की पहिला फोटो पाटीचा काढतो. पाटीवर शिल्पकाराचं नाव नसेल तर चौथऱ्याच्या कडा आणि पुतळ्याच्या पायाजवळचा भाग नीट बघतो, तिथे कधी कधी सही कोरलेली सापडते. तिचाही एक फोटो घेतो आणि त्या पुतळ्याच्या सगळ्या फोटोंबरोबर त्याच फोल्डरमध्ये ठेवतो.