शॅमेलिऑनची जीभ आणि एनएसएफचं प्रपोजल

प्राण्या-वनस्पतींची शरीरं कशी बांधलेली असतात आणि चालतात कशी, या मूलभूत प्रश्नांसाठी अमेरिकेतला बराचसा पैसा एनएसएफकडून (नॅशनल सायन्स फाउंडेशन, तिथली सरकारी संशोधन-निधी संस्था) येतो. प्रपोजल, म्हणजे हा पैसा मागणारा अर्ज, तिथल्या विद्यापीठामार्फत जातं. पीआयचं (प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाचं) नागरिकत्व आड येत नाही, एच-1बीवर असलात तरी चालतं.

रोगावर उपाय शोधायचा असेल तर एनआयएच (आरोग्य-संशोधनाला पैसा देणारी संस्था) गाठा. प्रपोजलचं वजन वाढावं म्हणून मधुमेहाचं एखादं वाक्य घुसवायचा मोह होतो. त्याने वजन वाढत नाही, उलट प्रपोजल न तपासताच परत येण्याचा धोका वाढतो. शंका असेल तर एनएसएफच्या प्रोग्रॅम ऑफिसरला आधीच एक पानी सारांश ईमेल करा. बहुतेक जण हे टाळतात आणि मग चुकीच्या पॅनेलपुढे जाऊन पडतात.

‘शॅमेलिऑनच्या (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या) जिभेचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ही जीभ बाहेर फेकली जाते ती आधी ताणून ठेवलेल्या लवचिक ऊतींच्या जोरावर. आत ओढतात ते थेट स्नायू. म्हणून थंडीत फेक फारशी मंदावत नाही, ओढ मात्र चांगलीच मंदावते. इतकं ठाऊक आहे. प्रश्न यापुढचा: थंड डोंगरांत राहणाऱ्या जातींचा ओढणारा स्नायू वेगळा घडलाय का? घडला असेल तर 15 अंश सेल्सिअसला काय दिसेल आणि नसेल तर काय, दोन्ही लिहा. दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर टांगू नका. रिव्ह्यूअर नेमकं तिथेच बोट ठेवतात.

कागदपत्रांत घात होतो तो किरकोळ गोष्टींत. सारांश एकच पान, त्यात तीन भाग: आढावा, बौद्धिक मूल्य (ज्ञानात पडणारी भर), व्यापक परिणाम (समाजाला होणारा उपयोग). एक राहिला तरी प्रपोजल परत. मुख्य वर्णन 15 पानांचं. त्यातही व्यापक परिणामांना स्वतंत्र मथळा लागतो आणि वेबसाइटच्या लिंक चालत नाहीत. एरियल असेल तर अक्षर किमान 10 पॉइंट, टाइम्स न्यू रोमन असेल तर 11. पोस्टडॉक किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याचा पगार मागितलात तर एक पानी मेंटॉरिंग प्लॅन हवाच. बायोस्केच, म्हणजे संशोधकाचा छोटा परिचय, सायएनसीव्ही या ऑनलाइन प्रणालीतूनच काढायचा.

बजेटमध्ये स्वतःचा पगार साधारणपणे वर्षाला दोन महिन्यांचा, तोही एनएसएफच्या सगळ्या ग्रँट मिळून. इनडायरेक्टचा, म्हणजे विद्यापीठाच्या वरखर्चाचा, दर सरसकट लावू नका. थेट खर्च 1,60,000 डॉलर, त्यात 40,000 चा हायस्पीड कॅमेरा आणि 20,000 ट्यूशन असेल, तर 50 टक्क्यांचा दर लागतो तो फक्त उरलेल्या 1,00,000 वर. म्हणजे 50,000, 80,000 नव्हेत.

कणा असलेल्या प्राण्यांवर काम असेल तर प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी पैसे सुटण्याआधी लागते. आणि भारतातल्या घोयऱ्यावर, म्हणजे आपल्याकडच्या शॅमेलिऑनवर, नजर असेल, तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे: वनखात्याची परवानगी वेगळी, आणि परदेशी संशोधकाने नमुने घ्यायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वेगळी. हे सोपस्कार वेळापत्रकात पहिल्या वर्षीच मांडा. पुण्या-बंगळुरूच्या सहकाऱ्याचं पत्र मात्र एका वाक्याचंच घ्या, त्यात कामाची स्तुती नको.

2018 पासून जीवशास्त्राच्या मुख्य कार्यक्रमांची अंतिम तारीखच काढून टाकली आहे. तेव्हा विद्यापीठाच्या ग्रँट ऑफिसला स्वतःच एक तारीख देऊन टाका, नाहीतर मसुदा वर्षभर लॅपटॉपमध्येच मुरत राहतो.