'कोणीबी येवो, काय फरक पडतो' असं वाटत असेल तरी मत कसं द्यायचं: खान्देशातल्या मतदारासाठी

आमच्याकडे इलेक्शन जवळ आलं की पारावर, एसटी स्टँडवर, जिनिंगच्या बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरच्या लाईनीत एकच वाक्य ऐकू येतं, "कोनीबी निवडी येवो, आपले काय फरक पडस?" हे म्हणणाऱ्या माणसाला मी अजिबात आळशी समजत नाही, त्याच्याकडे कारणं आहेत. तापीवरचं पाडळशाचं धरण पूर्ण होईल असं ऐकत एक पिढी शेतातून निवृत्त झाली, मनमाड-इंदूर रेल्वेचं भाषण धुळेकरांनी किती इलेक्शनमध्ये ऐकलं आणि केंद्राच्या मंत्रिमंडळाची मंजुरी आली 2024 च्या सप्टेंबरात, आणि वर 2019 ला ज्या चिन्हावर बटण दाबलं त्या चिन्हाचं आणि माणसाचं त्याच वर्षी, मग 2022 ला आणि 2023 ला पक्ष फुटून काय काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. राग येणारच.

पण नेत्यावर विश्वास बसला की मग मत देऊ असं ठरवलं तर कायम घरीच बसावं लागेल. विश्वास नसला तरी मत देता येतं, त्याच्यासाठी माणसाची माहिती लागते, आणि ती माहिती फुकट आहे, मोबाईलवर आहे, एका संध्याकाळचं काम आहे. आणि जे घरी बसतात त्यांची मतं कोणी मोजत नाही, ज्याने आपली माणसं गाड्या भरून बूथवर आणली त्याचं मात्र काम सोपं होतं. 2024 च्या लोकसभेला नंदुरबार मतदारसंघात 70 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि जळगाव मतदारसंघात 60 सुद्धा गाठता आले नाहीत. नर्मदेच्या काठावरच्या गावांसाठी मतदानाची टीम बोटीने जाते, अक्राणी-अक्कलकुव्यात लोक डोंगर उतरून बूथवर येतात, आणि आम्ही जळगावच्या रिंग रोडवर राहणारे ऊन फार आहे म्हणतो. ऊन खरंच असतं, मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन काय ते सांगायला नको, पण बूथ सकाळी सातला उघडतो.

तर आता काय काय करायचं ते सांगतो.

आधी नाव बघा, आणि आत्ता बघा

निवडणूक जाहीर झाली की मग यादी बघायची ही आपली जुनी सवय, आणि तिथेच निम्मा घोळ होतो. निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा वेबसाईटवर एपिक नंबर, म्हणजे मतदार कार्डावरचा नंबर, टाकला की नाव, यादी भाग क्रमांक, बूथ सगळं दिसतं, नाही जमलं तर 1950 ला फोन करा नाहीतर बीएलओला, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्याला, गाठा, गावात तो बहुतेक शाळेतला मास्तर किंवा अंगणवाडी ताईच असते. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदल, दुरुस्ती, हरवलेलं कार्ड या सगळ्याला फॉर्म 8, आणि मयत माणसाचं नाव काढायला फॉर्म 7. पोराला अठरा पूर्ण व्हायची एकच तारीख आता राहिलेली नाही, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज देता येतो.

खान्देशात दोन गोष्टी खास बघायच्या. एक, घरातली सून. तिचं नाव माहेरच्या यादीत शिंदखेड्याला आणि ती राहते पारोळ्याला, लग्नाला सहा वर्षं झाली तरी कोणी फॉर्म 8 भरत नाही, म्हणजे बाईचं मत गेलं ते गेलंच. दुसरी गोष्ट सुरत. आपली किती माणसं उधना, लिंबायतला आहेत, कोणी पुण्याला कंपनीत आहे, नंदुरबारकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, मग ते कुठे ठेवायचं ते घरात बसून ठरवा. जो कायमचा तिकडेच राहिला त्याने तिकडे नाव न्यावं, तिथल्या गटारीसाठी तिथे मत द्यावं. जो हंगामापुरता जातो त्याने गावातच ठेवावं आणि मतदानाची तारीख बघून यायची सोय लावावी. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची असं लोकप्रतिनिधित्व कायद्यातच लिहिलेलं आहे, मालकाला तेवढं सांगता आलं पाहिजे.

महापालिका, नगरपालिका, झेडपी, ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी विधानसभेचीच असते पण ती प्रभागात फोडताना गल्लीच्या गल्ली शेजारच्या प्रभागात जाते, म्हणून प्रारूप यादी लागली की हरकतीच्या मुदतीत बघून घ्या, नंतर ओरडून काही होत नाही.

कोणाचं काम काय ते लावून घ्या

निराशेचं एक मोठं कारण मला हे वाटतं की आपण खासदाराला गटारीचं विचारतो आणि नगरसेवकाला कापसाच्या भावाचं. नळाला पाणी आठवड्याने येतं, कचरा, गल्लीतला रस्ता, हे पालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं. कापसाचा हमीभाव केंद्र जाहीर करतं, सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी केंद्रं केंद्राच्या अखत्यारीत, ते खासदाराला विचारायचं. केळीचा फळपीक विमा हवामानावर चालतो, म्हणजे तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर किती तापमान, किती वारा नोंदला गेला त्यावरून भरपाई ठरते, आणि नियम व निकष राज्याच्या शासन निर्णयात असतात, तेव्हा रावेर-यावलच्या शेतकऱ्याने आमदाराला धरायचं. गिरणा धरणाच्या पाण्याचं आवर्तन, शेतीपंपाला दिवसा लाईट, एसटीच्या फेऱ्या, तेही राज्याचंच.

आता यातला तुमच्या घराला सगळ्यात जास्त लागणारा एकच प्रश्न कागदावर लिहा. दहा लिहू नका, दहा प्रश्न विचारणाऱ्याला "बघू ना भाऊ" हे उत्तर देणं सोपं जातं.

मग उमेदवाराचं शपथपत्र वाचा

यावर जरा वेळ घालवा, कारण सगळ्यात कामाचा कागद हाच आणि वाचत कोणीच नाही. उमेदवाराची गुन्हे, मालमत्ता, शिक्षण ही माहिती मतदाराला कळलीच पाहिजे असा निकाल सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये दिला, त्यातून आजचं शपथपत्राचं फॉर्म 26 आलं. आमदार-खासदारकीच्या उमेदवाराचं हे शपथपत्र आयोगाच्या वेबसाईटवर स्कॅन करून टाकलेलं असतं, पालिका-झेडपीचं राज्य आयोगाकडे आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या नोटीस बोर्डावर.

उघडल्यावर पहिल्या पानापासून वाचत बसू नका, शेवटी भाग ब मध्ये गोषवारा असतो तो आधी बघा. मग मागे येऊन गुन्ह्यांचा तक्ता. त्यात एफआयआर नंबर, पोलीस स्टेशन, कलम, कोर्ट आणि आरोप निश्चित झाले का हे लिहिलेलं असतं. इथे डोकं शांत ठेवायचं. रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली म्हणून पाच केसेस असलेला माणूस आणि फसवणुकीची एकच केस असलेला माणूस, दोघांना एका मापाने मोजू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली म्हणून कलमांचे नंबर बदललेत, जुनं 420 आता 318 मध्ये आहे, जुनं 302 आता 103 आहे, तेवढं लक्षात ठेवा.

मग मालमत्ता. स्वतः, बायको किंवा नवरा, अवलंबून असलेली मुलं, सगळ्यांचं मागच्या पाच वर्षांचं आयकरातलं उत्पन्न एका तक्त्यात असतं, जमिनी गट नंबरसकट असतात. हाच माणूस आधी उभा राहिला असेल तर त्याचं 2019 चं शपथपत्र काढा आणि 2024 चं शेजारी ठेवा. जमीन किती होती, किती झाली, कर्ज किती, उत्पन्न किती दाखवलं, आणि मधल्या पाच वर्षांत धंदा काय लिहिलाय. वाढ झाली म्हणजे चोरीच केली असं नाही, रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेलेत. पण उत्पन्न वर्षाला पाच लाख आणि जमीन चौपट असेल तर विचारायला एक प्रश्न तुमच्या हातात आला ना. सरकारी थकबाकीचा आणि सरकारी कंत्राटांचाही रकाना असतो, तो सोडू नका.

आणि लोकसभा-विधानसभेला मतदानाच्या आधी पेपरात बारीक अक्षरात उमेदवारांच्या गुन्ह्यांच्या जाहिराती येतात, त्या तीनदा छापणं सक्तीचं आहे. पक्षालाही स्वच्छ माणूस सोडून यालाच तिकीट का दिलं ते कारण द्यावं लागतं, 2020 पासून, आणि फक्त निवडून येण्याची क्षमता हे कारण कोर्टाला चालत नाही. ती कारणं एकदा वाचून बघाच.

आधीचाच आमदार-खासदार असेल तर त्याचं काम पण बघता येतं. खासदाराची हजेरी, विचारलेले प्रश्न लोकसभेच्या वेबसाईटवर असतात, खासदार निधी वर्षाला 5 कोटी असतो आणि तो कुठल्या कामावर गेला ते योजनेच्या पोर्टलवर दिसतं. नावाचे फलक मोजण्यापेक्षा हे बरं.

दारात आला की विचारा

प्रचाराला आले की आपण चहा ठेवतो, टोपी घालून घेतो, आणि नंतर मागून बोलतो. त्यापेक्षा तो कागदावरचा एक प्रश्न सगळ्यांना, प्रत्येक पक्षाच्या माणसाला, त्याच शब्दात विचारा, "नाना, पाणी आठव्या दिवशी येतंय, तुम्ही आले तर पहिल्या सहा महिन्यात नेमकं काय करणार?" उत्तर तारखेसकट वहीत लिहा आणि त्याच्या समोर लिहा. आवाज चढवायची गरज नाही. चार घरांनी एकच प्रश्न विचारला की तो पुढच्या गल्लीत उत्तर तयार करून जातो, हे मी आमच्या भागात स्वतः पाहिलंय.

लक्ष्मीदर्शनाबद्दल, म्हणजे मतासाठी पैसे वाटण्याबद्दल, एवढंच की देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार धरले जातात. लोकसभा-विधानसभेला सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाकून तक्रार करता येते, नाव लपवूनही. जो म्हणतो "आम्हाला कळतं तू कोणाला दिलं", त्याला काही कळत नाही, मत गुप्त असतं, आयाबायांना हे घरात बसवून सांगा कारण धमकी त्यांनाच जास्त दिली जाते.

मतदानाच्या दिवशी

व्होटर स्लिप म्हणजे ओळखपत्र नाही. एपिक कार्ड न्या, नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, यातलं काहीही चालतं. मशीनवर फोटो नीट बघा, आपल्याकडे पाटील नावाचे दोघं-तिघं एका मशीनवर उभे असतात आणि नामसाधर्म्याचा खेळ मुद्दाम केला जातो. विधानसभा-लोकसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत 7 सेकंद चिठ्ठी दिसते, ती बघूनच बाहेर पडा. जळगाव-धुळे महापालिकेत एका प्रभागात साधारण चार जागा असतात, म्हणजे अ, ब, क, ड प्रत्येकाला वेगळं बटण, एक दाबून निघायचं नाही. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका, प्रदत्त मत मागा, म्हणजे अशा वेळी वेगळ्या मतपत्रिकेवर द्यायचं मत, तो तुमचा हक्क आहे. मतदान संपायच्या वेळेला लाईनीत उभे असाल तर मत देता येतंच. घरातले आजोबा 85 च्या वर असतील किंवा कोणाला 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर लोकसभा-विधानसभेला घरून मतदानासाठी फॉर्म 12 डी असतो, पण तो अधिसूचनेनंतर पाच दिवसांतच द्यावा लागतो.

कोणीच पसंत नाही तर नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण, आहे, 2013 पासून. विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो, पण आपल्या राज्यात पालिका आणि ग्रामपंचायतीला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची असा आदेश राज्य आयोगाने 2018 मध्ये काढलाय. शपथपत्रं वाचून मग नोटा दाबलं तर मला पटतं, न वाचता दाबलं तर नाही.

निकालानंतर ती वही टाकून देऊ नका

गावात असाल तर वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, तिथे ठराव मांडा आणि तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला का ते बघूनच घरी जा. आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा लागू असलेल्या गावांत, म्हणजे सातपुड्याकडच्या बऱ्याच पाड्यांत, ग्रामसभेला इतरांपेक्षा जास्त अधिकार आहेत. गावाला किती पैसा आला, कशावर गेला ते ई-ग्रामस्वराज वेबसाईटवर गावाचं नाव टाकून दिसतं. शहरात असाल तर वहीत लिहिलेल्या उत्तराला सहा महिने झाले की नगरसेवकाला किंवा आमदाराच्या ऑफिसला साधं पत्र द्या, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर त्या खात्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. अर्जात "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. मंजुरीची तारीख, मंजूर रक्कम, कंत्राटदाराचं नाव, मोजमाप पुस्तिकेची प्रत, असे कागद मागा. 30 दिवसांत माहिती द्यायची असते, नाही दिली तर त्याच ऑफिसच्या वरच्या साहेबाकडे पहिलं अपील करा.