सेझारिया एव्होरा ऐकायचीय? मग या क्रमाने ऐका

गायिका सेझारिया एव्होराचं 'सोदाद' हे गाणं कुठेतरी कानावर पडतं, आवडतं, मग माणूस ॲपवर जाऊन सेझारियाचं 'बेस्ट ऑफ' लावतो आणि पाच-सहा गाण्यांनंतर सगळं एकसारखंच वाटायला लागतं म्हणून बंद करतो. माझ्या ओळखीत तिघाचौघांचं असंच झालंय आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण ती बाई अशी मिक्सरमधून काढून ऐकायची नाहीच. तिचं करिअर ज्या वयात वर आलं, त्या वयात बाकीचे गायक जुन्या गाण्यांवर कार्यक्रम करत असतात, आणि ते नेमकं कसं घडलं हे तिच्या रेकॉर्डमध्ये चक्क ऐकू येतं. फक्त क्रम नीट पाहिजे.

आधी थोडी ओळख, नाहीतर गाणी हवेत राहतात. केप व्हर्दे म्हणजे सेनेगलच्या पश्चिमेला अटलांटिकमधली दहा बेटं, पाऊस जेमतेम, १९७५ पर्यंत पोर्तुगीज राज्य. त्यातल्या साओ व्हिसेंत बेटावर मिंदेलो हे बंदर. तिथे १९४१ साली ही जन्मली, लोक तिला सिझे म्हणायचे. वडील वाजवणारे होते, ते ही लहान असतानाच गेले, आई स्वयंपाकाची कामं करायची, मग पोरगी काही काळ अनाथाश्रमात. सोळाव्या वर्षापासून बंदरातल्या बारमध्ये गाणं, कधी बंदराला लागलेल्या पोर्तुगीज जहाजांवर. पैसे किरकोळ. स्वातंत्र्यानंतर ती गिऱ्हाइकं गेली, मिळकत आटली आणि तिने गाणं सोडलं, जवळजवळ दहा वर्षं. १९८५ च्या सुमारास बाना नावाच्या तिथल्या मोठ्या गायकाने लिस्बनला बोलावलं तेव्हा ती परत उभी राहिली. तिथेच तिला झोझे दा सिल्व्हा भेटला, मूळचा केप व्हर्देचा, फ्रान्समध्ये रेल्वेत नोकरी करणारा पोरगा, त्याने तिला पॅरिसला नेलं. एवढं पुरे.

आता ऐकायला बसा. सुरुवात १९९२ च्या 'मिस परफ्युमादो'पासूनच करा, पूर्ण अल्बम, शफल बंद करून. हेडफोन असेल तर उत्तम, निदान फोनच्या स्पीकरवर तरी नको, कारण खालचा गिटारचा बेस गेला की निम्मं गाणं गेलं. पहिल्या फेरीत शब्दांच्या मागे लागू नका. फक्त एक गोष्ट पकडा, ती घाई कुठेच करत नाही. कावाकिन्यू म्हणजे छोटं चार तारांचं गिटार, ते मागे टिकटिक चालू असतं, पियानो आणि गिटार मध्ये मध्ये बोलतात आणि ही त्या तालाच्या किंचित मागे, आरामात, बोलल्यासारखी गाते. कुठे आवाज चढवून दाखवत नाही, कुठे रडत नाही. या संथ प्रकाराला मोर्ना म्हणतात. जरा पाय हलवावेसे वाटणारी गाणी येतील ती कोलादेरा. हा फरक दोन दिवसांत कानाला कळायला लागतो.

मग 'सोदाद' एकटं, दोन-तीन वेळा. आता अर्थ बघा. गाणं सुरू होतं एका प्रश्नाने, हा एवढा लांबचा रस्ता तुला कोणी दाखवला, हा साओ तोमेचा रस्ता? साओ तोमे हे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं, तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यातलं दुसरं बेट, कोकोच्या मळ्यांचं. केप व्हर्देत दुष्काळ पडला की माणसं करारावर तिकडे मजुरीला पाठवली जायची आणि बरेच जण परत आलेच नाहीत. म्हणजे ज्याला आपण कॅफेतलं छान मंद गाणं समजून ऐकतो ते असं आहे. गाणं तिचं नाही, आर्मांदो झेफेरिनो सोआरेस यांचं, आणि तिच्याही आधी १९७४ साली अंगोलाच्या बोंगाने ते रेकॉर्ड केलंय. बोंगाचं नक्की ऐका, खरखरीत आवाज, त्यात राग जास्त आहे. तिच्यात राग नाही, तिने ते स्वीकारून टाकलंय असं वाटतं, आणि मला तेच जास्त लागतं.

आता मागे जा, १९८८ च्या अल्बमकडे. नावाचा अर्थ 'अनवाणी डिव्हा', डिव्हा म्हणजे थोर गायिका, ती स्टेजवर चपला घालायची नाही म्हणून. बहुतेक लोक ही पायरी गाळतात पण माझ्या मते अख्ख्या क्रमातली हीच सगळ्यात महत्त्वाची. यात सिंथ आहेत, इलेक्ट्रिक वाद्यं आहेत, त्या काळातला नाचायचा साउंड आहे. 'बिया लुलुशा' हे त्यातलं गाणं परदेशातल्या केप व्हर्देच्या लोकांमध्ये चाललंही, पण बाहेरच्या जगाने ढुंकून बघितलं नाही. आवाज मात्र तोच, १९९२ चा! ती सत्तेचाळीसची होती, गळा तयार होता, गाणी बाजूला उभी होती, फक्त वाद्यं तिच्या अंगावर येत होती. दोन्ही अल्बममधलं एकेक गाणं पाठोपाठ लावा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

मधला दुवा १९९१ चा 'मार आझूल'. इथे सगळं अकूस्टिक केलं, मिंदेलोच्या बारमध्ये वाजायचं तसं, आणि फ्रान्समधल्या रेडिओवाल्यांचे, फेस्टिव्हलवाल्यांचे कान टवकारले ते इथून. वर्षभरात 'मिस परफ्युमादो', त्याची मांडणी पावलिनो व्हिएरा या वादकाची, आणि त्याच्या तीन लाखांवर प्रती खपल्या. वय ५१. लोक म्हणतात नशीब उघडलं, मला ते पटत नाही. तिला बदललं नाही, तिच्या आजूबाजूची गर्दी कमी केली, एवढंच झालं आणि ते करायला कोणालातरी आधी सुचावं लागतं.

यानंतर एक पूर्ण मैफल व्हिडिओवर बघा, गाणी सुटी सुटी नको. स्टेजवर एक लहानसं टेबल असतं. मैफलीच्या मध्यावर ती येऊन त्याच्याशी बसते, सिगारेट पेटवते, बँड नुसती वाद्यं वाजवत राहतो आणि हजारो माणसं गप्प बसून तिला सिगारेट ओढताना बघतात. चेहऱ्यावर काही नाही. मग उठते, माइककडे चालत येते, पुढचं गाणं. तो टेबलाचा भाग पुढे ढकलू नका, मिंदेलोच्या बारमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये हेच चालत असणार.

शब्दांसाठी थोडी तयारी लागते. ती पोर्तुगीजमध्ये नाही, क्रिओलमध्ये म्हणजे पोर्तुगीज आणि आफ्रिकी भाषा मिसळून झालेल्या तिथल्या बोलीत गाते, आणि स्पेलिंग प्रत्येक साइटवर वेगळं सापडतं त्यामुळे गोंधळू नका. तीन-चार शब्द पाठ करा, 'न्या' म्हणजे माझं, 'तेरा' म्हणजे भूमी, गाव, 'क्रेचेउ' म्हणजे प्रिय माणूस, 'मोराबेझा' म्हणजे दारात आलेल्याला लावलेला जीव. आणि सोदाद म्हणजे पोर्तुगीजांचं सौदाद, दूर गेलेल्याची हुरहूर, गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज बोलणाऱ्या घरांमध्ये हा शब्द आजही समजावून सांगावा लागत नाही. कोकणी मांडो ऐकलेला असेल तर मोर्ना तुम्हाला परकी वाटणार नाही, तीच संथ चाल, तोच विरह. एक राज्य दोन्हीकडे होतं म्हणून सगळं सारखं असा निष्कर्ष मात्र काढू नका, दोन्ही आपापल्या मातीतली आहेत.

नंतरचे अल्बम भराभर चालतील. १९९५ च्या 'सेझारिया'मध्ये 'पती पेई' आहे, ते सोडू नका. १९९९ चा 'काफे अतलांतिको' जास्त रंगीत आहे, काहींना फार आवडतो, मला जरा सजवलेला वाटतो. २००१ च्या 'साओ व्हिसेंत दी लोंज'मध्ये ब्राझीलचा काएतानो व्हेलोझो, क्युबाचे वादक असे पाहुणे आहेत. मालीच्या सालिफ केताबरोबरचं 'यामोरे' त्याच्या 'मोफू' अल्बमवर सापडेल. ग्रॅमी मिळाली ती 'व्होझ दामोर'ला, २००४ मध्ये. २०११ च्या डिसेंबरमध्ये ती मिंदेलोतच गेली, त्या बेटाच्या विमानतळाला आता तिचं नाव आहे आणि २००० एस्कुदोच्या नोटेवर तिचं चित्र.

आणि हे सगळं झाल्यावरच 'रादिओ मिंदेलो' उघडा. साठच्या दशकात तिथल्या रेडिओसाठी गायलेली तिची गाणी २००८ मध्ये बाहेर काढली. विशीतली सिझे, आवाज पातळ आणि उजळ, रेकॉर्डिंगला खरखर. सुरुवातीलाच लावलं असतं तर जुनी रेकॉर्ड म्हणून सोडून दिलं असतं. आता लावाल तेव्हा ओळीच्या शेवटी ती स्वर कसा सोडून देते तिकडे लक्ष द्या, ते तेव्हाही तसंच होतं, आणि ते ऐकणारं मिंदेलोच्या बाहेर फारसं कोणी नव्हतं.