डोमेन विकायला काढताय? भाव लावताना या चुका टाळा

२०२३ साली दिल्लीतल्या एका तरुण प्रोग्रामरने 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' हे डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव, नोंदवून ठेवलं. जिओने 'सावन' घेतलं तेव्हा त्याचं 'जिओसावन' केलं होतं. उद्या हॉटस्टार घेतलं तर तेच होईल, असा त्याचा होरा होता. होरा अगदी अचूक ठरला. २०२४ च्या ऑक्टोबरात, दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण तोंडावर आलेलं असताना, त्याने त्याच वेबसाइटवर रिलायन्सला उद्देशून पत्र टाकलं: केंब्रिजच्या अभ्यासक्रमाची ९३,३४५ पौंड फी भरा आणि नाव घ्या. म्हणजे जवळपास एक कोटी रुपये. मागणी मान्य झाली नाही, उलट आता कायदेशीर कारवाई होईल असं त्यालाच पुढे लिहावं लागलं. नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं, त्यांनी ते फुकट देऊ केलं, आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार सुरू झालं.

बातमी गाजली तेव्हा 'पोराने थोडक्यासाठी घालवलं' अशी हळहळ बरीच ऐकू आली. मला ती पटत नाही. पुढे काय घडणार हे त्याने ओळखलं, पण त्या ओळखण्याचे पैसे समोरच्याने का द्यावेत? डोमेनच्या फेरविक्रीत भाव ठरतो तो गिऱ्हाइकाकडे दुसरा पर्याय किती स्वस्तात आहे यावर. इथे पर्याय वकिलाची एक नोटीस होता. विकायला काढलेल्या हजारो नावांवर आज जे अचाट आकडे दिसतात, त्यातले बहुतेक हा एक प्रश्न न विचारता लावलेले असतात.

गाजलेल्या विक्रीवरून स्वतःचा भाव काढणं

'व्हॉइस डॉट कॉम' २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला विकलं गेलं. हबस्पॉट या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शाह यांनी 'चॅट डॉट कॉम' २०२३ मध्ये १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतलं आणि पुढे ते ओपनएआयकडे गेलं. हे आकडे खरे आहेत. पण ती इंग्रजीतली एकेका शब्दाची, रोजच्या बोलण्यातली नावं आहेत आणि घेणाऱ्यांना त्या क्षणी नेमकं तेच नाव हवं होतं. 'बेस्टव्हॉइसचॅटअ‍ॅप' असं काहीतरी नोंदवून त्याचा शंभरावा हिस्सा मागणाऱ्याने ही उदाहरणं देऊ नयेत.

अशा गाजलेल्या विक्रींतले काही आकडे तर फसवेच. क्विनस्ट्रीटने २०१० मध्ये 'इन्शुरन्स डॉट कॉम' साडेतीन कोटी डॉलरच्या वर देऊन घेतलं, ते चालत्या वेबसाइटसकट. रिकाम्या नावाशी त्याची तुलना होत नाही.

झालेल्या विक्रीच्या नोंदी नेमबायोसारख्या ठिकाणी जरूर बघा, पण तिथे विकली गेलेलीच नावं दिसतात हे लक्षात असू द्या. तुमच्या नावासारखीच जी दहा वर्षं पडून राहिली आणि शेवटी सोडून दिली गेली, त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. शिवाय आकडा कोणत्या बाजारातला आहे हे बघावं लागतं. नावं घेऊन पुन्हा विकणारा दलाल दुसऱ्या दलालाकडून लिलावात घेतो तो घाऊक भाव; प्रत्यक्ष धंदा करणारा घेतो तो किरकोळ भाव. दोघांत दहापट फरक सहज असतो. किरकोळ भाव बघून घाऊक बाजारात उभं राहिलं की कोणी वळूनही बघत नाही.

मशीनने सांगितलेला आकडा प्रमाण मानणं

गोडॅडी, एस्टीबॉट अशा वेबसाइटवर नाव टाकलं की अंदाजी किंमत मिळते. जमिनीला रेडी रेकनर असतो तसा हा डोमेनचा रेडी रेकनर, असा अनेकांचा समज आहे. रेडी रेकनरवर निदान मुद्रांक शुल्क तरी भरावं लागतं. या आकड्याला कोणीच बांधील नाही, तो देणारी कंपनीसुद्धा नाही. 'तुमचंच मशीन दीड लाख म्हणतंय, तर घ्या दीड लाखाला' असं म्हणून बघा.

मराठी शब्दांच्या बाबतीत हा अंदाज आणखी पोकळ असतो. 'हापूस' रोमनमध्ये लिहायचा तर एक 'यू' की दोन 'ओ'? 'पैठणी'ला 'टी'पुढे 'एच' लागतो, पण ऐकून टाइप करणाऱ्या प्रत्येकाच्या तो लक्षात राहीलच असं नाही. नाव फोनवर सांगितल्यावर समोरच्याने पहिल्या फटक्यात बरोबर टाइप केलं नाही, तर ते घेणाऱ्याला आणखी दोन स्पेलिंगं राखून ठेवावी लागतात. तो खर्च तो तुमच्या भावातून वजा करतो. बोलून दाखवत नाही, एवढंच.

डॉट कॉमच्या भावाने दुसरं काही विकणं

'याचं डॉट कॉम पाच लाखांना गेलं, म्हणून माझं डॉट नेट अडीच लाख' हे गणित कोणी लावलं कोण जाणे, पण ते सगळीकडे दिसतं. असा कुठलाही ठरलेला हिस्सा नाही. डॉट इन २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि भारतात त्याला खरी मागणी आहे, हे मान्य. पण ज्याचं डॉट कॉम दुसऱ्याची चालती कंपनी वापरते आहे, त्याचं डॉट इन घेणारा विचारपूर्वकच घेतो, कारण त्याची निम्मी मेल चुकून तिकडे जाणार असते.

नव्या प्रकारच्या शेपट्यांमध्ये, म्हणजे डॉटनंतरच्या भागांमध्ये, आणखी एक मेख असते. त्यांतली 'प्रीमियम' ठरवलेली बरीच नावं दर वर्षी चढ्या दरानेच रिन्यू होतात. वर्षाला पंधरा हजार भरायला लावणारं नाव तुम्ही एक लाखाला विकत असाल, तर गिऱ्हाईक त्याची किंमत एक लाख धरत नाही. आणि डॉट एआय कमीत कमी दोन वर्षांसाठीच नोंदवावं लागतं, हे पहिलं बिल आल्यावर कळणारेही कमी नाहीत.

दुसऱ्याच्या ब्रँडवर किंमत लावणं

यावर जरा थांबतो, कारण इथे नाव तर जातंच, वर वकिलाची फीही बसते.

जगभरच्या डोमेन व्यवस्थेचं नियमन करणाऱ्या आयकॅन या संस्थेचं वाद-निवारण धोरण, यूडीआरपी, १९९९ पासून लागू आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कशी फसवं साम्य असलेलं आहे, तुमचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने नोंदवून वापरलंत. वाईट हेतूचं त्या धोरणात दिलेलं पहिलंच उदाहरण काय, तर ट्रेडमार्कच्या मालकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला, नोंदणीच्या खर्चाहून जास्त किमतीत विकण्यासाठी नाव घेणं. म्हणजे तुम्ही हौसेने लिहिलेला 'फक्त ४० लाख' हा ई-मेल त्यांच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडला जातो. असे वाद सोडवणाऱ्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर पाच नावांपर्यंतची फी १,५०० डॉलर आहे. मोठ्या कंपनीचा पर्याय इतका स्वस्त आहे.

डॉट इनसाठी, ते सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेचं इंडीआरपी हे असंच धोरण आहे आणि ते एका बाबतीत जास्त कडक आहे. यूडीआरपीत नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झाल्याचं दाखवावं लागतं. इथे दोहोंपैकी एक पुरतं. न्यायालयांची भूमिकाही जुनीच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये 'रेडिफ'शी मिळतंजुळतं 'रॅडिफ' वापरणाऱ्याला मनाई केली, आणि सत्यम इन्फोवेच्या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं हे स्पष्ट केलं.

दोन ब्रँड जोडून केलेलं नाव म्हणजे नवीन नाव, असा बचाव चालत नाही. असं नाव हातात असेल तर त्याला भाव लावू नका. रिन्यूही करू नका.

आपला खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात घालणं

डॉट कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. रजिस्ट्रारचा, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचा, नफा आणि कर धरून आपल्याला नाव वर्षाला हजार-बाराशेला पडतं. शंभर नावं बाळगली की लाख-सव्वालाख. या धंद्यातले मुरलेले लोकही वर्षाला शंभरातली एक-दोनच जातील असं धरून चालतात. म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायचं तर एकेक नाव पन्नास हजार ते लाखाच्या पुढे जायला हवं, शिवाय नाव विकून देणाऱ्या वेबसाइटचं कमिशन वेगळं. ते बऱ्याच ठिकाणी १५ टक्के असतं, काही ठिकाणी २५.

भाव चढे का दिसतात, याचं खरं उत्तर या हिशोबात आहे. पण हा हिशोब विकणाऱ्याचा. नाशिकच्या बेकरीवाल्याला तुमच्या बाकीच्या अठ्ठ्याण्णव नावांशी काय देणंघेणं? तो 'माय' किंवा 'शॉप' जोडून, नाहीतर गावाचं नाव लावून हजार रुपयांत मोकळा होतो. फेसबुक आधी 'द'सकट होतं. तो 'द' काढायला त्यांनी २००५ मध्ये दोन लाख डॉलर मोजले. ड्रॉपबॉक्स सुरुवातीला 'गेटड्रॉपबॉक्स'वर चाललं, टेस्ला २०१६ पर्यंत 'टेस्लामोटर्स'वर. मोठी होईपर्यंत कंपन्या जोडशब्दावर निभावतात, आणि बहुतेक कंपन्या तेवढ्या मोठ्या होतच नाहीत.

म्हणून आकडा ठरवण्याआधी एक वही घ्या आणि हे नाव नसेल तर घेणारा काय करेल असे पाच पर्याय लिहा, प्रत्येकाच्या किमतीसह. पाचही पर्याय एक हजाराच्या आत मिळत असतील, तर तुमच्या नावाची जादा किंमत म्हणजे केवळ त्या माणसाची आवड. तिच्यापोटी तो पाच-पंचवीस हजार देईल, पाच लाख देणार नाही.

अडलंय कुठे, हे लक्षणांवरून ओळखा

वर्ष उलटलं आणि एकही विचारणा नाही? पहिला संशय भावावर घेऊ नका. नाव ब्राउझरमध्ये उघडून बघा. कित्येकदा तिथे कोरं पान असतं आणि मालकाशी संपर्क करायला जागाच नसते. 'विक्रीसाठी' असं पान आणि त्यावर आकडा टाका. आकडा न लिहिता 'ऑफर करा' एवढंच ठेवलं की लहान धंदेवाला कोटींची कल्पना करून परत फिरतो. हे सगळं नीट असूनही शुकशुकाट असेल, तर ते नाव कोणाला नको आहे, आणि भाव निम्मा केल्याने ते हवंसं होणार नाही.

विचारणा येते आणि आकडा ऐकून माणूस गायब होतो? हे भावाचं दुखणं. एकदा झालं तर सोडून द्या. लागोपाठ तिघे गेले, तर तिघांनी देऊ केलेल्या रकमांकडे बघा. बाजार तिथे कुठेतरी आहे. याच वेळी एक सवय तपासा: ई-मेलच्या पत्त्यावरून कंपनी मोठी आहे असं कळल्यावर भाव वाढवता का? एका ठिकाणी चार लाख आणि दुसऱ्या ठिकाणी अडीच असे दोन आकडे लावलेत का? घेणारा दोन्ही बघतो. आणि 'दुसरी ऑफर आली आहे' ही थाप आता कोणी खात नाही.

सगळ्या ऑफर दोन-तीन हजारांच्याच येतात? समोर दलाल आहेत. रागावू नका, त्यांचा भाव तोच असतो. लहान कंपनी खरोखर इच्छुक असेल आणि एकरकमी पैसे नसतील, तर मासिक हप्त्यांवर द्या. हप्ते फिटेपर्यंत नाव मध्यस्थाच्या ताब्यात राहतं.

भाव ठरूनही व्यवहार अडकला? नव्याने नोंदवलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डॉट कॉम साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. मालकाचं नाव बदललं तरी हे कुलूप लागू शकतं. घाई असेल तर त्याच रजिस्ट्रारवर गिऱ्हाइकाचं खातं उघडायला सांगून तिथे नाव सरकवता येतं. रक्कम एस्क्रोत, म्हणजे तटस्थ मध्यस्थाकडे, जमा झाल्याशिवाय ट्रान्सफरचा कोड कोणालाही पाठवू नका.

राहिला रिन्यूअल. मुदत संपायच्या दोन महिने आधी नावांची यादी काढा आणि ज्यांना कधीच विचारणा आलेली नाही त्यांचा भाव दलालांच्या पातळीवर आणून लिलावात टाका. जे त्याही भावात जात नाही ते सोडा. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारनुसार ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात ते परत घेता येतं, त्यानंतरचे ३० दिवस जबर दंड भरून, आणि मग पाच दिवसांत ते मोकळं होतं. पहिल्या टप्प्यात कोणी विचारलं तर रिन्यू करून विकता येतं. तेवढ्यासाठी त्या काळात आपला फोन आणि ई-मेल चालू ठेवा.