तंबाखूविषयक नियमाला हरकत घ्यायची असेल तर

तंबाखू नियंत्रणाच्या एखाद्या नियमाविरुद्ध उभे राहायचे ठरले, की पहिली चूक बहुधा पहिल्याच बैठकीत होते. कोणीतरी उठून सांगतो की, आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते आणि त्यांना काही झाले नाही. लोक हसतात, माना डोलावतात आणि थोड्याफार फरकाने तेच वाक्य निवेदनात शिरते. टपरीधारक, लहान उपाहारगृहांचे मालक आणि विडी कामगार यांच्या संघटनांना मी बरीच वर्षे निवेदने लिहून देत आलो आहे, आणि हे वाक्य खोडणे हे माझे पहिले काम असते. तंबाखूने कर्करोग होतो, हृदय आणि फुप्फुसे निकामी होतात, हे वादातीत आहे. ज्याला हे मान्य नाही त्याने मोहिमेचे निवेदन लिहू नये. ज्याला मान्य आहे, पण अमुक एक नियम अन्यायकारक, अव्यवहार्य किंवा अधिकाराबाहेरचा वाटतो, त्याच्यासाठी पुढील मजकूर आहे.

तंबाखूचा धोका नाकारण्याचा मोह आवरला नाही की काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. पाकिटावरील चित्रमय इशारा ८५ टक्के जागा व्यापेल असा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. लोकसभेच्या अधीनस्थ विधिविधान समितीने (कायद्याखाली सरकार जे नियम करते ते तपासणाऱ्या समितीने) तो तूर्त थांबवावा अशी शिफारस केली. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी होते, आणि विडी कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न समितीपुढे खरोखरच होता. परंतु तंबाखूमुळे कर्करोग होतो हे दाखवणारे भारतातील सर्वेक्षण नाही, अशा अर्थाचे त्यांचे विधान गाजले. त्याच समितीत विडी उद्योगातील एक खासदार सदस्य आहेत, हीही बातमी झाली. रोजगाराचा मुद्दा त्या गदारोळात बुडाला आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला.

कामाची सुरुवात कागदापासून करावी. आपल्याला जो जाचतो आहे तो संसदेचा कायदा आहे, केंद्राने केलेला नियम आहे, राज्याची दुरुस्ती आहे, आयुक्तांचा आदेश आहे की केवळ स्थानिक अधिकाऱ्याची नोटीस आहे, हे ठरल्याशिवाय निवेदनावर कोणाचे नाव घालायचे हेच कळत नाही. मूळ कायदा २००३ चा, सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांचा; इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सारे अधिकारी त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला बंदी, कलम ५ मध्ये जाहिरातीला बंदी, कलम ६ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तींना आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला बंदी, आणि कलम ७ मध्ये पाकिटावरील इशाऱ्याची तरतूद आहे. हॉटेले, उपाहारगृहे यांसंबंधीचे तपशील २००८ च्या नियमांत आहेत, जे त्या वर्षीच्या गांधी जयंतीपासून लागू झाले. गुटख्याचे मात्र सगळेच वेगळे आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून असलेली गुटखाबंदी कोटपाखाली नसून २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे आणि त्यातील कलम ३० नुसार अन्नसुरक्षा आयुक्त असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षासाठी काढू शकतात. म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. गुटख्याविषयीची हरकत आरोग्य मंत्रालयाकडे धाडणारे लोक मी पाहिले आहेत. तिचे उत्तर त्यांना कधीच मिळाले नाही, आणि मिळण्याचे कारणही नव्हते.

टपरीला नोटीस आली असेल तर ती नेमक्या कोणत्या कलमाखाली आहे ते पाहावे. अनेकदा तंबाखूचे नाव तोंडी घेतले जाते आणि कागदावर कारवाई अतिक्रमणाची असते. मग दाद कोटपाखाली मागून उपयोग नाही. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आणि नगर पथविक्रेता समिती ही तिथली जागा. शंभर यार्डांच्या नोटिशीतही एक ठरलेला घोळ होतो. टपरीधारक फाटकापासून रस्त्याने पावले मोजतो, वळसा धरून दीडशे मीटर भरतात आणि तो निश्चिंत होतो. नियमाप्रमाणे अंतर संस्थेच्या कुंपणाच्या किंवा आवारभिंतीच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत धरायचे असते. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. नकाशावर भिंतीच्या सर्वांत जवळच्या कोपऱ्यापासून रेषा ओढून पाहावी, आणि आपण आत येत असलो तर भांडत न बसता जागा बदलण्याची मुदत मागावी. शाळेभोवतालची ही अट आणि अल्पवयीनांना विक्रीची बंदी यांच्याविरुद्ध निवेदनात एक शब्दही असू नये. एक तर ती भूमिका टिकत नाही. दुसरे म्हणजे ज्यांच्या सह्या हव्यात, त्या गल्लीतल्या आया पुढचे पान वाचणारच नाहीत.

मसुदा प्रसिद्ध झाला असेल तर वेळेचे भान सर्वांत मोठे. केंद्राच्या २०१४ च्या पूर्वविचारविनिमय धोरणानुसार प्रस्तावित कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. हे धोरण आहे, कायदा नव्हे. त्यामुळे मुदत कमी मिळाल्याची तक्रार जरूर नोंदवावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. कोटपातील दुरुस्तीचा मसुदा २०२० सालच्या अखेरीस आला आणि हरकतींसाठी ३१ जानेवारी २०२१ पर्यंत मुदत होती. विक्रीसाठी वयोमर्यादा २१ करणे, सिगारेटची सुटी (एकेक नग) विक्री थांबवणे, हॉटेल व विमानतळांवरील धूम्रपान कक्ष बंद करणे आणि दंड वाढवणे, असे चार वेगवेगळ्या लोकांना लागू होणारे बदल त्या एकाच मसुद्यात होते. तीस दिवसांतले पहिले आठ दिवस मराठी अनुवाद करून तो सभासदांपर्यंत पोचवण्यात जातात, हे गृहीत धरून वेळापत्रक आखावे.

आता हरकत कशी लिहावी. एका टपरीधारकाने आणलेला मजकूर असा होता: “सुटी विक्री बंद झाल्यास आम्ही रस्त्यावर येऊ, तरी सरकारने गरिबांना न्याय द्यावा ही नम्र विनंती.” भावना खरी आहे, पण वाचणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला यातून टिपणीत उतरवण्याजोगे काहीच मिळत नाही. आम्ही त्याच्या वहीतून सलग पंधरा दिवसांची विक्री काढली, चहा, बिस्किटे, पान आणि सिगारेट असे रकाने पाडले, आणि मजकूर पुन्हा लिहिला: “प्रस्तावित तरतुदीनुसार सुटी विक्री बंद होईल. सोबत जोडलेल्या पंधरा दिवसांच्या हिशेबावरून माझ्या उत्पन्नातील तिचा वाटा दिसून येईल. सुट्या विक्रीत ग्राहकास पाकिटावरील इशारा दिसत नाही, हा शासनाचा आक्षेप मला समजतो. त्यावर उपाय म्हणून तोच चित्रमय इशारा ठरवून दिलेल्या आकारात दर्शनी भागी लावण्याची सक्ती करावी. ते मान्य नसल्यास अन्य मालाकडे वळण्यासाठी दोन वर्षांची मुदत द्यावी.” कलम, स्वतःचा पुरावा, शासनाचा हेतू मान्य असल्याचे स्पष्ट शब्द, आणि नेमकी मागणी, शेवटी मुख्य मागणी फेटाळली गेल्यास दुसरी. ही दुसरी मागणी लिहायला लोक कचरतात, आपण आधीच हरलो असे वाटते म्हणून. माझ्या अनुभवात मान्य होते ती बहुधा दुसरीच. विरुद्ध बाजूचा सर्वांत जड मुद्दाही आधीच ओळखून ठेवावा: सुटी सिगारेट शाळकरी पोराच्या खिशाला परवडते, अख्खे पाकीट परवडत नाही. हा मुद्दा खरा आहे आणि सुनावणीत तो निघणारच. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातलीच आहे, त्यामुळे इथल्या टपरीधारकाने मसुद्याला हरकत घेताना आपल्या राज्यात हा व्यवहार आजही चालतो अशी कबुली नकळत लिहून देऊ नये. वरचा मजकूर परराज्यात टपरी चालवणाऱ्या एका मराठी माणसाचा होता, म्हणून तसा लिहिता आला.

एकच मजकूर छापून खाली शेकडो सह्या घेण्याची पद्धत सोयीची असली तरी तिचा अनुभव चांगला नाही. एकदा आम्ही गठ्ठेच्या गठ्ठे नेऊन दिले. पुढे माहिती अधिकारात कागद पाहिले तेव्हा ती सगळी मिळून एकच हरकत म्हणून नोंदली होती, आणि तिच्यापुढे ‘सर्वसाधारण स्वरूपाची’ एवढाच शेरा होता. त्यापेक्षा वीस जणांनी स्वतःच्या हिशेबासह, स्वतःच्या शब्दांत लिहिलेले वीस कागद भारी पडतात. विडी कामगार स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच जाणवते. सोलापूर-सिन्नरच्या घरांतून मांडीवर सूप घेऊन, कात्रीने पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळत हजाराचा आकडा गाठणारी बाई आपली मजुरी, तिला त्यासाठी लागणारे तास आणि दुसरे कोणते काम तिला येते किंवा येत नाही, हे तीन वाक्यांत सांगते तेव्हा कारखानदारांच्या संघटनेच्या चकचकीत अहवालापेक्षा ते अधिक वाचले जाते. तिची मागणीही कारखानदारापेक्षा वेगळी असू शकते. तिला विडीच टिकायला हवी असे नाही. पर्यायी काम आणि तोवरची मजुरी मिळाली तरी ती समाधानी असते. तिच्या तोंडी मालकाची मागणी घालू नये.

दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का असलेली पोच घ्यावी. ईमेल केला तरी एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवावी. मुदत संपल्यावर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून किती हरकती आल्या, त्यांचा गोषवारा कोणी केला आणि त्यावर काय अभिप्राय दिला, याच्या प्रती मागाव्यात. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करावे. न्यायालयात जाण्याची पाळी आलीच, तर हे कागद वकिलाच्या फार उपयोगी पडतात.

पैशाबाबत कडक राहावे. भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर फेब्रुवारी २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. त्याच्या अनुच्छेद ५.३ नुसार आरोग्य धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवायचे असते, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये त्यासाठी अधिकाऱ्यांना आचारसंहिताही घालून दिली. शिष्टमंडळाचा गाडीखर्च एखाद्या कंपनीने दिल्याचे पुढे आले तर भेट तर रद्द होतेच, आधी दिलेल्या खऱ्याखुऱ्या हरकतीही संशयास्पद ठरतात. वर्गणीचे पावतीपुस्तक ठेवावे, जमाखर्च निवेदनासोबत जोडावा, आणि कंपनीशी काही संबंध असेल तर तो आपणच पहिल्या पानावर लिहावा. फलकांवर कोणत्याही ब्रँडचे नाव, रंगसंगती किंवा पाकिटाचे चित्र नको. तंबाखूच्या वापराला अप्रत्यक्ष प्रोत्साहन देणारी जाहिरातही कलम ५ खाली गुन्हा ठरू शकते, आणि मोर्चातल्या ब्रँड छापलेल्या एका छत्रीपायी सगळी मोहीम अडचणीत यायला नको.

न्यायालयाची वाट शेवटची. ती धरण्यापूर्वी एक प्रश्न लेखी सोडवावा: आपण जिंकलो तर सरकार दुसऱ्या दिवशी काय करील? महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. गोदावत पान मसाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती रद्द केली, कारण तत्कालीन अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली तसा अधिकार राज्याकडे नव्हता. नवा अन्नसुरक्षा कायदा आला आणि २०१२ मध्ये बंदी परत आली. हुक्क्याचेही तेच. मुंबई महापालिकेने उपाहारगृहांच्या परवान्यात अट घालून हुक्का थांबवला होता. ती अट कायद्याच्या पुढे जाणारी आहे असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये ठरवले. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागली, हुक्क्याच्या निखाऱ्यांवर ठपका आला आणि २०१८ मध्ये राज्याने कोटपातच दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली, आता कैदेच्या शिक्षेसह. अधिकार नाही, या मुद्द्यावर मिळवलेला विजय सरकारला अधिकार मिळेपर्यंतच टिकतो.

समानतेचा मुद्दा तर याहून जपून वापरावा. २००८ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलाला आणि तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला धूम्रपानाची वेगळी जागा ठेवता येते; अठ्ठावीस खुर्च्यांच्या मालकाला येत नाही. त्याची तक्रार वाजवी आहे. जर्मनीत नेमकी अशीच तक्रार एका खोलीच्या छोट्या बिअरगृहांनी केली आणि जुलै २००८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती उचलूनही धरली. मात्र कोणालाच सवलत न देता सरसकट बंदी घातली तरी ती घटनेत बसेल, असेही त्याच निकालात सांगितले. बव्हेरिया राज्याने २००९ मध्ये छोट्या बिअरगृहांना सूट दिली, आणि जुलै २०१० च्या सार्वमतात ६१ टक्के मतदारांनी ती सूट काढून कडक बंदी आणली. आपल्या २०२० च्या मसुद्यातही मोठ्यांची सवलत काढून घेण्याचीच तरतूद होती. म्हणून अठ्ठावीस खुर्च्यांच्या मालकाला मी विचारतो की, समोरच्या मोठ्या हॉटेलातला कक्ष बंद झाला आणि तुम्हाला काहीच मिळाले नाही, तर तुमचे समाधान होईल का? काहीजण लगेच हो म्हणतात. मग त्यांच्या याचिकेतली मागणी वेगळ्या शब्दांत लिहावी लागते.

अंतिम अधिसूचना राजपत्रात आली, की तिची प्रत मसुद्याशेजारी ठेवून ओळीनिशी ताडून पाहावी. आपल्या हरकतीमुळे एखादा शब्द बदलला असेल, मुदत वाढली असेल, तर ते त्याच दिवशी सभासदांना लेखी कळवावे; आणि नियम लागू होण्याची तारीख, दंडाची रक्कम व बंद करायचा माल यांचे एक पान मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक टपरीवर द्यावे, म्हणजे ज्या नियमाविरुद्ध आपण लढत आहोत त्याचाच दंड आपल्या माणसाला पहिल्या आठवड्यात भरावा लागणार नाही.