हॅमर बोअरमध्ये सोडण्याआधी

डीटीएच (डाउन-द-होल) हॅमर, म्हणजे हवेच्या दाबावर बोअरच्या तळाशी ठोके देत खडक फोडणारं अवजार, खाली सोडण्याआधी त्याच्या टोकाच्या बिटच्या तोंडाखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरा आणि थोडीच हवा सोडा. पुठ्ठ्यावर तेलाचा पातळ थर उमटला पाहिजे. पुठ्ठा कोरडा राहिला तर लुब्रिकेटर (हवेत तेल सोडणारा डबा) रिकामा आहे किंवा तेल कमी-जास्त करणारी त्याची सुई बंद आहे. तसंच काम सुरू केलं तर पिस्टन आणि सिलिंडर घासून काही तासांत हॅमर जाम होतो. रॉड, म्हणजे हॅमरला हवा पोचवणारे पोकळ दांडे, नवीन असतील तर आतून तेल लागायला वेळ लागतो, तेवढं थांबा.

मग बटणं, म्हणजे बिटच्या तोंडावरचे कठीण कार्बाइडचे गोल दाणे, पाहा. झिजून सपाट झालेला भाग बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला की बिट ग्राइंडिंगला काढा. त्यापुढे चालवलं तर बटणं फुटतात, आणि फुटलेलं कार्बाइड तळाशी राहून पुढचं बिटही खातं. फक्त बाहेरची बटणं लवकर झिजत असतील तर बहुधा फिरण्याचा वेग जास्त आहे.

झिजलेल्या बिटने पाडलेल्या बोअरमध्ये नवीन, पूर्ण मापाचं बिट कधीही घालू नका, ते अडकतं. आणि अडकलं म्हणून रॉड उलटे फिरवू नका! आटे सुटून अख्खा हॅमर तळाशी जातो.